‘हे खरंच घडलं का हो?’ : परदेशी डॉक्युमेंट्रींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की परदेशी रिपोर्टिंगच्या डॉक्युमेंट्री बघताना पडद्यावरच्या रिपोर्टरपेक्षा शूटिंग संपल्यावर तिथेच मागे राहणाऱ्या माणसांची मला जास्त काळजी वाटते. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही प्रेमळ, काही चिडलेली, एक तर चक्क चार पानी. सगळी घेता येत नाहीयेत, सॉरी. आणि नवीन वाचकांसाठी सांगते, मी पत्रकार वगैरे नाही, बरीच वर्षं अशा फिल्म्सच्या मुलाखती ऐकून उतरवून काढायचं आणि सबटायटल करायचं काम केलंय, त्यामुळे जे काय कळतं ते एडिटरच्या शेजारच्या खुर्चीत बसून कळलेलं.

प्रश्न : युद्धाचे आणि मारहाणीचे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर ढिगाने येतात आणि त्यातले कितीतरी खोटे निघतात. मग चॅनेलवाले असलेच व्हिडिओ डॉक्युमेंट्रीत घेतात तेव्हा ते खरे आहेत हे त्यांना तरी कसं कळतं? का आपण नुसतं मोठं नाव बघून मान डोलवायची? – एक निवृत्त भूगोल शिक्षक

सर, तुम्ही भूगोलाचे आहात हे वाचून मला हसूच आलं, कारण याचं उत्तर भूगोलातच आहे.

२०१८ च्या जुलैमध्ये एक व्हिडिओ फिरायला लागला. सैनिकी कपड्यातली माणसं दोन बायकांना धरून नेतायत, एकीच्या पाठीला बाळ बांधलेलं, दुसरीबरोबर एक लहान मुलगी, आणि पुढे त्या चौघींना गोळ्या घालतात. लोक म्हणत होते हे कॅमेरूनचं आहे. कॅमेरून सरकार म्हणालं फेक न्यूज, आमचे सैनिक असे कपडे घालत नाहीत, असली शस्त्रं त्या भागात वापरत नाहीत. आता हे कसं ठरवायचं? गावाचं नाव नाही, तारीख नाही, काही नाही.

बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ टीमने आधी बघितलं ते मागच्या डोंगराकडे. व्हिडिओच्या सुरुवातीला क्षितिजावर एक डोंगररांग दिसते, तिचे चढउतार त्यांनी सॅटेलाइट चित्रांमधल्या डोंगरांशी ताडून बघायला घेतले, बराच काळ काहीच जुळेना, मग कॅमेरूनमधल्याच एका माणसाने सुचवलं की झेलेवेट गावाच्या आसपास बघा, आणि तिथे रांग बरोब्बर जुळली. म्हणजे जागा मिळाली. मग तारीख. व्हिडिओतली काही बांधकामं एका वर्षाच्या सॅटेलाइट फोटोत आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, त्यामुळे वर्षांचा अंदाज आला. एक पायवाट होती जी फक्त कोरड्या दिवसात दिसते, एरवी गवतात बुजते, त्याने महिने कळले. आणि शेवटी चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या! सावलीची लांबी आणि दिशा यावरून सूर्य किती वर होता ते काढलं आणि २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ एवढ्या छोट्या टप्प्यात घटना आणून बसवली. शाळेत सावलीची काठी रोवून जो प्रयोग करतात ना सर, तोच. मग कपडे आणि बंदुका : त्याच भागातल्या सैनिकांनी फेसबुकवर टाकलेल्या फोटोत तसलाच युनिफॉर्म होता. व्हिडिओत ते एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात त्यावरून माणसांपर्यंत पोचले.

मधल्या काळात सरकारनेच सूर बदलला आणि सात सैनिकांना अटक केल्याचं सांगितलं, आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये मिलिटरी कोर्टाने त्यातल्या चौघांना दहा दहा वर्षांची शिक्षा दिली.

मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी निष्कर्ष सांगून ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हटलं नाही. डोंगराचा फोटो शेजारी ठेवला, सावली मोजून दाखवली, तुम्ही घरी बसून तपासू शकता. त्यामुळे नाव मोठं की छोटं याच्यावर फार जाऊ नका, ‘हे तुम्हाला कसं कळलं’ याचं उत्तर फिल्ममध्येच दिलंय का ते बघा. ज्यांनी दिलेलं नसतं त्यांच्याकडे बरेचदा ते नसतंच, हा माझा अनुभव.

प्रश्न : शूटिंगमध्ये खोटं नसेलही पण एडिटिंगमध्ये काय वाट्टेल ते करता येतं. आम्ही बघणाऱ्यांनी ओळखायचं कसं? – नाव नको

नेहमी ओळखता येत नाही, खोटं कशाला सांगू.

ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने, जो कार्यक्रम १९५३ पासून चालू आहे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रम्पवर एक तासाची फिल्म दाखवली, त्यात अमेरिकी संसदेवर हल्ला झाला त्या दिवशीच्या, म्हणजे ६ जानेवारी २०२१ च्या, त्यांच्या भाषणातले दोन तुकडे असे जोडले की ते एका दमात बोलले असं वाटावं : चला संसदेकडे जाऊया, आणि लढूया. प्रत्यक्षात या दोन वाक्यांमध्ये पन्नासहून जास्त मिनिटांचं भाषण होतं. वर्षभराने हे बाहेर आलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीच्या डायरेक्टर जनरलना आणि न्यूजच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. आता गंमत बघा, दोन्ही वाक्यं त्याच माणसाची, त्याच दिवशीची. खोटा होता तो फक्त सांधा.

हा सांधा लपवायला जे करतात त्याला आमच्याकडे कटअवे म्हणतात. माणूस बोलतोय, मध्येच त्याचे हात दाखवले किंवा ऐकणारी गर्दी दाखवली आणि परत चेहरा. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही हां, माणसं बोलताना अडखळतात, खोकतात, तीच गोष्ट तीनदा सांगतात, ते कापावंच लागतं. पण एकदा हे माहीत झालं की महत्त्वाच्या वाक्याच्या बरोबर मध्ये हात दिसले की मन जरा टवकारतं. माझं तर घरी कुणी माझ्याबरोबर डॉक्युमेंट्री बघायला बसत नाही आता.

याहून वाईट म्हणजे प्रसंगच बनवणं. जर्मनीत २०१९ मध्ये ‘लवमोबिल’ नावाची फिल्म आली, हायवेच्या कडेला गाड्यांमध्ये देहविक्री करणाऱ्या बायकांवर, तिला मोठं बक्षीस मिळालं, आणि २०२१ मध्ये उघड झालं की त्यातली मुख्य माणसं खरी नव्हतीच, भूमिका करत होती. हे बाहेर यायला कारण त्याच फिल्मची एडिटर. दिग्दर्शिकेला बक्षीस परत करावं लागलं. त्याआधी ब्रिटनमध्ये कार्लटन टीव्हीच्या एका फिल्मने कोलंबियातून येणाऱ्या ड्रग्जचा रस्ता म्हणून जे दाखवलं त्यातलं बरंच रचलेलं निघालं आणि १९९८ मध्ये त्यांना २० लाख पौंड दंड झाला.

मात्र प्रसंग पुन्हा उभा करणं म्हणजे दर वेळी फसवणूक असंही नाही. म्यानमारमधल्या २००७ च्या भिक्षूंच्या आंदोलनावरच्या ‘बर्मा व्हीजे’ मध्ये लपून शूट केलेलं खरं फुटेज आहे आणि फोनवरची बोलणी वगैरे नंतर उभी केलेली आहेत, सुरुवातीला तसं सांगितलंयही, तरी त्यावर वाद झालाच. मला स्वतःला वाटतं की सुरुवातीला एक पाटी लावून भागत नाही. त्या त्या जागी कळायला हवं, कारण बघणारा दहाव्या मिनिटाला पाटी विसरलेला असतो.

प्रश्न : तुम्ही मागे राहणाऱ्यांची काळजी म्हणालात ते नक्की कोण? – ऑफिसच्या बसमध्ये अंक वाचणारी

सगळ्यात आधी फिक्सर. परदेशी रिपोर्टरला भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, कुठल्या चेकपोस्टवर कुणाशी कसं बोलायचं हे माहीत नाही. हे सगळं जो तिथला माणूस करतो तो फिक्सर. गाडी तो आणतो, मुलाखत तो ठरवतो, भाषांतर तो करतो, आणि धोका आहे की नाही हे हवेवरून तोच ओळखतो. शेवटच्या नावांच्या यादीत कुठेतरी खाली एक ओळ. कधी तीही नाही.

अफगाणिस्तानात २००७ च्या मार्चमध्ये एक इटालियन पत्रकार, त्याचा ड्रायव्हर आणि फिक्सर अजमल नक्शबंदी असे तिघे तालिबानच्या हाती लागले. ड्रायव्हरला आधीच मारलं. इटालियन पत्रकाराच्या बदल्यात पाच तालिबानी कैदी सोडले गेले आणि तो घरी गेला. अजमलसाठी कैदी सोडले नाहीत, एप्रिलमध्ये त्याचा गळा चिरला. एवढं लिहून मी पुढचा परिच्छेद लगेच लिहू शकले नाही, दुसऱ्या दिवशी लिहितेय.

दुसरे म्हणजे जे बोलतात ते. आपण म्हणतो चेहरा ब्लर केला की झालं, पण गावातले लोक चालण्यावरून ओळखतात, हातातल्या अंगठीवरून, मागच्या भिंतीच्या रंगावरून ओळखतात. मी एकदा एक मुलाखत उतरवत होते, बाईंचा चेहरा पूर्ण अंधारात, आवाज बदललेला, सगळं नीट, आणि मागून कुणीतरी त्यांच्या मुलाला नावाने हाक मारली ती तशीच राहिलेली. सुदैवाने फिल्म बाहेर जायच्या आधी सापडली.

रशियातल्या चेचन्यात समलिंगी लोकांचा जो छळ झाला त्यावरच्या ‘वेलकम टू चेचन्या’ या २०२० च्या फिल्मने यावर वेगळाच उपाय काढला. ब्लर केलेला चेहरा बघताना माणूस माणूस वाटत नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या लोकांचे, स्वतःहून तयार झालेल्यांचे चेहरे कॉम्प्युटरने पळून आलेल्यांच्या चेहऱ्यांवर बसवले. रडणं, घाबरणं, डोळ्यांची हालचाल खरी, चेहरा उसना. पुढे एकजण स्वतःच्या नावाने उघडपणे समोर येतो तेव्हा तो उसना चेहरा आपल्यासमोर विरघळतो आणि खरा दिसतो.

आणि तिसरे, तिथलेच असणारे सहकारी. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली, मारणारे पुढे मानाने जगले, त्यांच्यावरच्या २०१२ च्या ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ची शेवटची नामावली जरूर बघा. अनामिक, अनामिक, अनामिक, अशी ओळीने. एक सहदिग्दर्शकसुद्धा अनामिक. अख्ख्या फिल्ममध्ये मला सगळ्यात जास्त भीती त्या यादीची वाटली, कारण इतक्या वर्षांनंतरही या लोकांना आपलं नाव लिहिता येत नव्हतं.

प्रश्न : मुलाखत देणाऱ्यांना पैसे देतात का? – एक उत्सुक

बातमीच्या अंगाने जाणारी चॅनेल्स मुलाखतीचे पैसे सहसा देत नाहीत, कारण पैसे दिले की माणूस आपल्याला हवं ते बोलायला लागतो. प्रवासखर्च, बुडालेला दिवस वगैरे देतात. फिक्सरला दिवसावर पैसे मिळतात. दोन दोन वर्षं एकाच कुटुंबाच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांचं मात्र अवघड होतं, घरात औषधाला पैसे नाहीत आणि तुम्ही कोपऱ्यातून शूट करताय, हे किती दिवस करणार? अनेकजण मदत करतात आणि बोलत नाहीत.

प्रश्न : पाश्चात्य लोक गरीब देशांत जाऊन भूक, दंगली आणि घाणच शूट करतात आणि बक्षिसं घेतात. तुम्ही त्यांची भलामण का करता? – स्पष्ट बोलणारा

भलामण केलेली मला आठवत नाही, पण चिडण्यात तथ्य आहे म्हणून घेतलं पत्र.

ऑक्टोबर १९८४ मध्ये इथिओपियातल्या कोरेमहून बीबीसीवर दुष्काळाचा जो रिपोर्ट आला त्याने जग हललं, पुढच्या जुलैत लंडन आणि फिलाडेल्फियात ‘लाइव्ह एड’ झालं, प्रचंड पैसा जमला. रिपोर्टर मायकल ब्युर्क जगाला माहीत झाला. ती दृश्यं ज्याने टिपली तो केनियाचा मोहम्मद अमीन, त्याचं नाव किती जणांना माहीत असतं? बरं, त्या चित्रांनी लोकांच्या डोक्यात बसलं ते असं की पाऊस नाही म्हणून माणसं मरतायत. तिथे मेंगिस्तूच्या लष्करी राजवटीचं बंडखोरांशी युद्ध चालू होतं, भुकेचा हत्यारासारखा वापर होत होता, लोकांना जबरदस्तीने दुसरीकडे हलवलं जात होतं, हे त्या कोरड्या जमिनीच्या चित्रात कुठे दिसणार. गरिबी दाखवली याचा मला राग नाही, गरिबी दाखवावीच. ती आभाळातून पडल्यासारखी दाखवली, केली कुणी ते सांगितलं नाही, याचा आहे.

पण तुमचं पत्र थोडं जुनं झालंय हेही सांगते. गेल्या दहा पंधरा वर्षांत कॅमेरा बराचसा तिथल्याच माणसांच्या हातात गेलाय. सीरियातल्या अलेप्पोत वाद अल-कतीब शिकत होती, उठाव झाला तेव्हा शूट करायला लागली, तिथेच लग्न, तिथेच मुलगी, वरून बॉम्ब, आणि त्यातून ‘फॉर समा’ झाली. ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’चा मस्तिस्लाव चेर्नोव्ह युक्रेनचाच. ‘नो अदर लँड’ मध्ये पॅलेस्टिनी बासेल अद्रा स्वतःच्याच गावची घरं पाडली जाताना शूट करतो, बरोबर इस्रायली पत्रकार युवाल अब्राहम, आणि २०२५ चं ऑस्कर मिळूनसुद्धा अमेरिकेत तिला मोठा वितरक मिळाला नाही. म्हणजे कॅमेरा हातात आला तरी पडदा कुणाच्या हातात आहे हा प्रश्न उरतोच, आणि त्याबद्दल तुम्ही परत चिडून पत्र लिहिलंत तर मी तुमच्या बाजूने असेन.

प्रश्न : बघून आपण हळहळतो आणि झोपतो. फरक काय पडतो? – दोन मुलांची आई

कधी पडतो, कधी उलटाच पडतो. कॅमेरूनच्या चार सैनिकांचं वर लिहिलंच आहे. श्रीलंकेतलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं, त्याच्या शेवटच्या महिन्यांवर चॅनेल फोरने २०११ मध्ये फिल्म दाखवली, त्यात सैनिकांनीच मोबाईलवर मिरवायला काढलेले व्हिडिओ होते. सरकारने ते बनावट म्हटले, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी खरे ठरवले. २०१२ च्या मार्चमध्ये मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेवर ठराव झाला आणि भारतानेही बाजूने मत दिलं. फिल्ममुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या खोलीत बसलेल्यांपैकी काहींनी तरी ते बघितलेलं होतं.

उलटं उदाहरण म्हणजे ‘कोनी २०१२’, मुलांना पळवून सैनिक बनवणाऱ्या युगांडातल्या जोसेफ कोनी या बंडखोर म्होरक्यावरचा. अर्ध्या तासाचा व्हिडिओ, आठवड्याभरात दहा कोटी वेळा बघितला गेला, सगळं जग म्हणे आता या कोनीला पकडणार. तो माणूस तोवर काही वर्षं युगांडात नव्हताच! युगांडातल्या लोकांना तो व्हिडिओ दाखवला तेव्हा ते वैतागले, की आमचं हे सगळं दुःख आणि हिरो मात्र तुम्हीच. कोनी अजून सापडलेला नाही. हळहळून झोपलात तरी चालेल ताई, पण एका व्हिडिओवर पैसे पाठवून झोपू नका.

प्रश्न : मी बीकॉमला आहे, मला हेच करायचंय. कोणता कॅमेरा घेऊ? – १९ वर्षांची वाचक

कॅमेरा मैत्रिणीचा घे. तू आधी एक भाषा शिक, नीट, भांडता येईल इतकी. सगळ्यात जास्त फुकट गेलेलं फुटेज मी बघितलंय ते कॅमेऱ्यामुळे नाही, समोरचा काय बोलतोय ते विचारणाऱ्याला कळलंच नाही म्हणून. माणूस जिवाचं सांगत होता आणि हा पुढचा प्रश्न वाचत होता.

आणि हिशोब येतो ना तुला? हसू नकोस, त्याला फार किंमत आहे. एकेक फिल्म चार पाच देशांच्या चॅनेल्सचे आणि फंडांचे तुकडे जोडून उभी राहते, आम्सटरडॅमच्या इडफा फेस्टिव्हलसारख्या ठिकाणी सात आठ मिनिटांत आपली गोष्ट सांगून पैसे मागावे लागतात, आणि तिथे चांगल्या चांगल्यांची बजेट बघून लोक हसतात.

मारियुपोलच्या टीमचं एक आठवतं. शहर रशियन फौजेने वेढलेलं, वीज नाही, नेटवर्क जवळपास नाही, प्रसूतिगृहावर बॉम्ब पडल्याचं फुटेज हातात. त्यांनी व्हिडिओचे तीन तुकडे केले, तीन फोन ओळीत मांडले आणि तिन्हींवरून एकेक तुकडा पाठवत बसले, तासन्‌तास, कर्फ्यूची वेळ उलटून गेली तरी. तुला हे करायला आवडेल का बघ. आईला पत्र दाखवलंस का?

प्रश्न : परदेशी माणूस बोलायला लागला की लगेच वरून इंग्रजी आवाज का चढवतात? मूळ आवाज ऐकू द्यायला काय होतं? – कानाला त्रास झालेला

अहो, माझ्या जखमेवर बोट ठेवलंत. टीव्हीवाल्यांना वाटतं लोक स्वयंपाक करता करता बघतात, सबटायटल वाचणार नाहीत. सबटायटलचीही अडचण आहेच, दोन ओळी, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं, काही सेकंद, तेवढ्यात काय मावणार? एका आजोबांनी आपल्या गावाबद्दल मिनिटभर अखंड सांगितलं होतं, झाडांची नावं, विहिरीची नावं, कुठल्या वळणावर कोण राहायचं, आणि मला सांगितलं गेलं की ‘आमचं गाव सुंदर होतं’ एवढंच ठेव, बाकी वेळ नाही. ठेवलं मी. त्यांचा मूळ आवाज मात्र खाली तसाच आहे, हळू आहे पण आहे, ज्याला ती भाषा येते त्याला सगळी झाडं ऐकू येतात.